उलट्या पिळाचा कठडा

मित्रांनो, मी एक जुना कठडा आहे. म्हणजे जुना झालो खरा, पण कठडा काही होता आलं नाही. कपाळ माझं!

साल एकोणीसशे सव्वीस. रेवदंड्याचे तुकारामशेट दुमजली घर बांधत होते. त्यांच्या आईचे, गोदूबाईंचे, डोळे गेलेले. राहणार माडीवर, पण रोज अंगणात तुळशीपाशी एकटीने उतरायचं ही त्यांची हौस. "मला गाठोडं करून नेऊ नका," असं त्या ठणकावून सांगत.

म्हणून शेटनी धर्मा मिस्त्रीला बोलावलं. हा होड्या बांधणारा. जिना अजून गवंड्याच्या डोक्यातच होता. पण शेटना वास्तुशांतीची घाई.

"जिना उजवीकडं वळतो. आईला एकटीनं उतरता आलं पाहिजे," शेट म्हणाले.

"व्हय शेट," मिस्त्री म्हणाला. झालं! त्या एका 'व्हय'ने माझा घात केला.

त्याने मला सागवानातून कोरलं. होडीच्या बरगडीसारखा अंगात पीळ दिला. मुशी माशाच्या खरखरीत कातड्याने महिनाभर घासलं. बंदरावरचे लोक माझ्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "लोणी हाय रं, लोणी!" मी फुशारलो. आता तुम्ही हसाल.

बसवायच्या दिवशी पाहतो तर काय, जिना चढताना डावीकडे वळत होता! मला उलटा केला, पालथा केला. छे! पीळच उलटा, बसणार कसा?

"मी उतरताना उजवा म्हटलं होतं!" माडीवर राहणारे शेट गरजले.

"होडी चढायच्या बाजूनं बघत्यात. चढल्याबिगर कोन उतरतो, शेट?" मिस्त्रीही इरेला पेटला.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे पीळ तिघांना होता: शेटना, मिस्त्रीला आणि मला. दुसरा कठडा कोणी केला नाही, कोणी करवला नाही. जिन्याला 'तात्पुरता' दोर बांधला. गोदूबाई तो धरून दोन पायऱ्या उतरल्या, दोर हलला, त्या मटकन खाली बसल्या. पुन्हा उतरल्या नाहीत. तो तात्पुरता दोर आठ वर्षं राहिला, आणि मी मिस्त्रीच्या मांडवात पडून राहिलो. माझ्यावर जाळी वाळली, कोंबड्या बसल्या. असा संताप येई की काय सांगू! एवढा गुळगुळीत केला तो कोंबड्यांसाठी?

मग एक दिवस गोदूबाईंनी अन्न सोडल्याचं कळलं. मिस्त्री उठला. पिकल्या केसांनिशी मला स्वतःच्या खांद्यावर घेऊन निघाला. शेट दारातून बाजूला झाले.

त्याने मला खाटेवर टेकवलं आणि म्हातारीचा हात माझ्या वरच्या टोकावर ठेवला.

"जिन्याचा कठडा का रे हा?"

"व्हय, आई."

सुरकुतलेला हात हळूहळू सरकू लागला. वळणावर थांबला, पुढे गेला, शेवटच्या टोकाला पोचला.

"आले गं बाई अंगणात," गोदूबाई म्हणाल्या.

खोलीत कोणी वर बघेना. आठ वर्षांत मला मिळालेला तो पहिला हात, आणि शेवटचा.

मित्रांनो, उजवं-डावं सांगताना आपण वर उभे की खाली, एवढं सांगत जा. आणि चूक झालीच, तर ती कोणाची हे मागाहून भांडा. आधी म्हातारीला खाली उतरवा.