न धुतलेला बनियन

"बनियन धुऊ नकोस हं. आहे तसाच पिल्लाच्या आईपाशी ठेव, म्हणजे पिल्लू मला ओळखेल. तुझ्या साबणाला एक दिवस सुट्टी दे," हॉस्पिटलच्या खाटेवरून हे म्हणाले होते.

चाळीस वर्षं मी घरात कुत्रं येऊ दिलं नाही. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा कुठे हो म्हटलं. शिंपीणबाईंच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. बनियन त्यांच्याकडे दिला.

मंगळवारी हे गेले. नेमाने रोज धुणं करणारी मी, दुसऱ्याच दिवशी यांचे सगळे कपडे धुऊन बसले. आता कपाटात नुसता साबणाचा वास येतो.

आज शिंपीणबाईंचा फोन आला. "काकू, पिल्लू बनियन सोडतच नाही हो. कधी नेताय?"

"आई, आता कशाला?" मुलगा म्हणाला. "घरभर बाबांना शोधेल आणि रडत बसेल."

त्याचं काही चुकत नव्हतं. बनियनचा वासही चार दिवसांत जाईल.

"शब्द दिलाय रे," एवढंच म्हटलं. जप पुरा केला, टोपलीत जुनी चादर घातली आणि दार हळूच ओढून निघाले.