अकरा किलोची सीट

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाने गाडी बनवायला घेतली की काय होतं, ते त्याच्या बायकोला विचारावं. तिचा नवरा अठ्ठावीस वर्षं दुकानादुकानातले काटे सरळ करत आला होता. गुंजभर वजनही त्याने कधी कुणाच्या बाजूने झुकू दिलं नव्हतं. अशा माणसाच्या डोक्यात हलक्याफुलक्या शर्यतीच्या गाडीने घर केलं. मोटरसायकलचं इंजिन मागे, पातळ पत्र्याचं अंग, आणि पुढच्या चाकांना जवळजवळ खेटून दोन सीटा.

घरामागच्या शेडमध्ये त्याने जमिनीवर खडूने गाडी आखली, तेव्हाच दोन चौकोन दाखवले होते. "हा माझा, हा तुझा." बायकोची धाकटी बहीण या उद्योगाला खेळणं म्हणाली होती. तिच्याच दारात या गाडीतून उतरायचं, हे बायकोने त्या दिवशी पक्कं केलं. पुढची तीन वर्षं तिने बॅटरीचा उजेड धरला, पाने हातात दिले, आणि आपल्या सीटला हिरवं रेक्झिन स्वतः शिवलं.

काट्यावर चढल्याशिवाय एकही वस्तू गाडीत जात नसे. आधी दारांच्या कड्या गेल्या, मग दारंच गेली. एके सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "तुझी सीट काढली. अकरा किलो वाचले."

"आणि मी?"

"तू एकोणसाठ. म्हणजे एकूण सत्तर." त्याचा चेहरा उजळला होता.

ती भांडली नाही. वाईट मात्र फार वाटलं. तिने शेडमध्ये जाणं सोडलं, आणि जेवणावरचं मनही उडालं.

दोन महिन्यांनी गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात निघाली. नको नको म्हणत तीही गेली आणि कुंपणापाशी उभी राहिली. गाडी सुटली झकास. वळणावर त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. पुढची चाकं वळली, गाडी काही वळली नाही. सरळ जाऊन वाळूच्या ढिगात बसली. बायकोला हसू आलं, ते तिने गिळलं.

घरी आल्यावर त्याने चारी चाकांखाली काटे लावले. इंजिन मागे, आणि पुढचं होतं नव्हतं ते सगळं त्याने स्वतःच्या हाताने काढलेलं.

"पुढे वजन कमी पडतंय," तो म्हणाला.

"किती?"

त्याने हिशेब तीनदा तपासला. "तुझ्या सीटच्या जागी. सत्तर."

"मग वाळूची पोती टाका की. ढीग तुमच्या ओळखीचा झालाय."

त्याने यावर मनापासून विचार केला. माणूसच तसा. "वाळू वळणावर सरकते," तो म्हणाला. मग काट्यापासून उठून तिच्यासमोर आला. "चुकलं माझं."

हिरवी सीट त्याने परत बसवली, चारही बोल्ट घट्ट आवळले आणि म्हणाला, "उभी राहा काट्यावर."

ती उभी राहिली. काटा छप्पन्नवर येऊन थांबला. दोघांनीही तो नीट पाहिला.

"एकोणसाठ," तो म्हणाला.

अठ्ठावीस वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खोटं वजन. ती गाडीत जाऊन बसली, हात लांब करून पान्यांची तीन किलोची पिशवी उचलली आणि मुकाट्याने मांडीवर घेतली.