गाळ माहेरी आला

तळ्याचं पाणी गाळून गावाला सोडायचं, हे ताईचं काम. जलशुद्धीकरण केंद्रात सगळे तिला ताईच म्हणत. आणि तेच पाणी नासवायचं, हा तिच्या सख्ख्या भावाचा धंदा. तो त्याला विकास म्हणायचा.

ओढा तळ्याला मिळतो तिथं, दादाच्या जमिनीत, लव्हाळ्याचं दाट रान होतं. टेकडीवरून येणारी माती तिथंच अडायची. टेकडीवर विकायला बांधलेल्या बंगल्यांतून तळं दिसावं म्हणून दादानं ते मुळासकट उपटलं, उतारभर हिरवळ लावली आणि वर पोत्यांनी खत ओतलं. पहिल्याच पावसात माती आणि खत, दोन्ही तळ्यात. आता पाण्यावर हिरवी साय धरते, घाण वास येतो, वाळूच्या गाळण्या तुंबतात. शिव्या खायला ताई आहेच.

परवा दादा ट्रक घेऊन केंद्रावर आला. वाळत टाकलेल्या गाळाचा ढीग बघून म्हणाला, “हा दे ना मला. हिरवळीला झकास! तसाही तुम्ही फेकूनच देता.”

“दादा, ही तुझीच माती आहे. मी ती पाण्यातून काढायची, तू परत उतारावर पसरायची, आणि पावसानं पुन्हा माझ्याच गाळणीत आणून टाकायची? लाज कशी वाटत नाही रे?”

“झालं हिचं सुरू!”

केंद्राच्या साहेबांनी हसत फाटक उघडून दिलं. ढीग परस्पर हलला, त्यांना काय! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्याच आठवड्यात धो धो पाऊस झाला आणि गाळ माहेरी आला. सगळ्या गाळण्या तुंबल्या. कुठल्यातरी एका भागाचं पाणी बंद करणं भाग होतं.

“नेहमीप्रमाणे खालची वस्ती,” साहेब म्हणाले.

खालच्या वस्तीनं कुणाचं घोडं मारलं होतं? ताईनं टेकडीवरच्या बंगल्यांचा व्हॉल्व्ह गच्च आवळला. तिथं दादाकडे आईही राहत होती, म्हणून हात क्षणभर अडखळला, तेवढंच.

थोड्या वेळानं आईचा फोन आला. “अगं, नळाला टिपूस नाही. भाऊ काय वैरी आहे का तुझा?”

“बागेतलं कारंजं चालू आहे ना?”

“हो, गिऱ्हाईकं यायचीत. त्याला थेट तळ्यातून पंप लावलाय.”

“मग दादाला म्हणावं, त्यातलं पी.”

“काहीतरीच काय! किती घाण वास येतो त्याला.”

“तोच वास मी रोज काढते, आई!” ताई ओरडली, आणि तिचा आवाज फाटला. “तुझ्यापुरतं पाणी मी घेऊन येते. त्याला त्यातला घोटही देऊ नकोस.”