बारावी बाजू

अंध मुलांच्या शाळेने भूमितीच्या तासासाठी सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले. घन, पिरॅमिड हां हां म्हणता झाले, पण बारा पंचकोनांच्या ठोकळ्याने त्याला घाम फोडला. शेवटच्या बाजूवर रंधा जरा जास्तच चालला आणि तो पंचकोन वाकडा झाला. पुन्हा करायचा कंटाळा आला. ‘दिसतंय कुणाला?’ असं म्हणून त्याने पॉलिश मारलं आणि ठोकळा देऊन टाकला.

महिन्याभराने तो शाळेचं दार दुरुस्त करायला गेला, तेव्हा एक मुलगी तोच ठोकळा चाचपत बसली होती. पावलं ऐकून तिने विचारलं, “कोण?”

“सुतार आहे, बाळा.”

“म्हणजे हा तुम्हीच केलात! काका, याच्या सगळ्या बाजू सारख्या ना? मला एक वेगळी लागते. बाई म्हणतात, बोटांना सवय नाही. रोज चाचपते, तरी माझी बोटं सुधारतच नाहीत.”

 सुतार गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

“तुझी बोटं खरी आहेत गं,” तो म्हणाला. “वाकडा झालाय हे ठाऊक असून मीच तसा दिला.”

त्याने बाईंनाही बोलावून सांगितलं. बाई ओशाळल्या.

आठवड्यात त्याने नवा ठोकळा आणला. मुलीने बाराही बाजू चाचपल्या. मग खात्री करायला पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. सुतार मान खाली घालून उभा राहिला.