कोकरू गप झालं की

गोजाबाई खड्ड्यात पडली ती सासऱ्याचं ऐकलं नाही म्हणून, असं पुढं धनगरांचा सगळा तळ म्हणायचा. म्हणू देत बापडे. त्यांच्यातल्या एकानं तरी ते कोकरू हातावर वाढवलं होतं का?

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. शहरात माणसं घरात कोंडलेली, आणि इकडं टेंभुर्णीच्या माळावर लांडग्यानं धनगरांना जीव नकोसा केलेला. आज एक मेंढरू, चार दिवसांनी दुसरं. शेवटी गोजाबाईच्या सासऱ्यानं, येडूबानं, खड्डा खणायला लावला. दीड पुरुष खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, म्हणजे आत पडलेल्या जनावराला चढून येता येऊ नये. वर तुरकाट्या, गवत, माती. आणि काठावर खुंटीला एक कोकरू.

कोकरू कुठलं, तर ज्याची आई लांडग्यानं नेली तेच. "आय न्हाय त्येला, त्येच वरडंल दिवस मावळंपातूर," येडूबा म्हणाला. शेळीच्या दुधात बोट बुडवून गोजाबाईनं ते जगवलं होतं. पण सासऱ्यापुढं तोंड उघडायची तिची टाप नव्हती.

येडूबाचा दंडक सगळ्यांना पाठ होता. गड्यांनी दूर टेकाडामागं बसायचं, कारण माणसाचा वास आला की लांडगा फिरकत नाही. कोकरू ओरडतंय तोवर जागचं हलायचं नाही. कोकरू गप झालं की लांडगा आत पडला असं समजायचं, डबे बडवत धावायचं आणि काठावर पोचल्या पोचल्या धोंडे टाकायचे. वाकून बघायचं नाही. मागं एकानं वाकून बघितलं होतं, त्याच्या गालाची चिंधी झाली होती.

आता एवढं सगळं ठाऊक असून गोजाबाई गेली. तान्ह्या लेकराला झोळीत टाकलं, सासूला, केराबाईला, म्हणाली, "आत्याबाई, जळण घेऊन येतो." आणि पाण्याचं लोटकं पदराखाली धरून ओढ्यानं, टेकाडाला वळसा घालून, थेट खड्ड्यावर. घोटभर पाणी पाजायचं आणि माघारी यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण तिला बघून कोकरू नाचायला लागलं. खुंटी उपटली, आणि ते धावलं ते नेमकं तुरकाट्यांवरनं. काट्या मोडल्या. शहाणं माणूस मागं सरलं असतं. पण कोकरू पडताना दिसलं की धनगराचा हात आधी पुढं जातो, डोकं मागनं येतं.

दोघंही खाली गेली.

तिची कूस दगडावर आपटली. श्वास घेतला की कळ मस्तकात जायची. "आवं," तिनं हाक मारली, पण ती खड्ड्याच्या तोंडापर्यंतसुद्धा पोचली नाही. कोकरू मात्र धडधाकट होतं. ते उभं राहिलं आणि जीव खाऊन ओरडायला लागलं. तो बारीक आवाज टेकाडापर्यंत जात असणार, आणि तिकडं सगळे गडी निवांत बसले असणार. आपला नवराही त्यांच्यातच बसलाय, हे आठवून तिला रडू आलं.

तिनं भिंतीला नखं लावली. मुरूम ढासळून तिच्याच डोळ्यांत गेला. वर आभाळाचा एवढासा तुकडा होता, त्याचा रंग उतरायला लागला होता. मग वरनं थोडी माती पडली. तिनं मान वर केली. काठावर एक निमुळतं तोंड होतं, जीभ बाहेर काढलेलं. माणसाचा वास येत असूनही ते खाली बघत होतं. ते मागं गेलं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा आलं. उडी कुठनं मारावी ते बघत होतं मेलं.

कोकरू ओरडत राहिलं तर लांडगा आत येणार. गप केलं तर नवरा, दीर, सासरा धोंडे घेऊन येणार. मरण दोन्हीकडनं होतं, आणि तळावर लेकरू भुकेजलेलं होतं. पण धोंड्यांमागं माणसं होती, त्यांना हाक तरी मारता आली असती.

तिनं कोकराचं तोंड दाबलं. ते तडफडायला लागलं, श्वास कोंडून डोळे पांढरे झाले. तिला दाबवेना. त्याच्या ओरडण्यानं पान्हा फुटून तिची चोळी केव्हाचीच भिजली होती. तिनं गाठ सोडली आणि त्याला पोटाशी घेतलं. दोनदा तोंड फिरवून तिसऱ्यांदा कोकरानं धरलं, आणि शेपूट हलवत प्यायला लागलं.

माळ गप झाला.

मग डबे वाजायला लागले. वरचं तोंड नाहीसं झालं. गोजाबाई भिंतीच्या पोटात सरकता येईल तेवढी सरकली. "म्या हाय! आवं, म्या हाय आत!" पण वर कल्लोळ चाललेला. पहिला धोंडा मधोमध पडला. दुसरा भिंतीवर आपटून तिच्या खांद्यावर आला आणि हात लुळा पडला.

नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. नुसतं नाव तोंडातनं काढलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं आईनं शिकवलेलं. तिनं डोळे मिटले आणि कुशीतली सगळी कळ सोसून ओरडली.

"गुंडा!"

वर गुंडाच्या दोन्ही हातांत डोक्याएवढा धोंडा उचललेला होता. बाप त्याला गुंड्या म्हणायचा, भाऊ दादा म्हणायचे. आईशिवाय दुसऱ्या बाईमाणसाच्या तोंडून उघडं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. पण आवाज ओळखीचा होता. धोंडा त्यानं मागं टाकला, डबा वाजवणाऱ्या भावाला ढकलून पाडलं आणि दंडक मोडून आत वाकला.

डोक्याचे पटके एकमेकांना बांधून खाली सोडले. तिनं एका हातानं आधी कोकरू बांधून दिलं. येडूबानं ते स्वतःच्या हातानं वर घेतलं.

तळावर तिनं लेकरू अंगावर घेतलं. गुंडा शेजारी येऊन बसला.

"म्या नाव घेतलं तुमचं," ती म्हणाली. "आता तुमच्या आयुष्याला काय झालं तर?"

गुंडा आपल्या तळहातांकडं बघत होता. धोंड्याची माती अजून तशीच होती.

"त्यो धोंडा सुटला असता, गोजे," तो म्हणाला, "तर त्या आयुष्याचं म्या काय केलं असतं?"

तिनं लेकरू दुसऱ्या बाजूला घेतलं. मोकळ्या बाजूला कोकरू येऊन ढुशा द्यायला लागलं, आणि त्याला हाकलायला कुणी उठलं नाही.