मायचं खापर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आमरसाशी मांडे खातात आणि चार दिवसांनी तोंड पाडून सासरी परततात. खानदेशात ही रीत कोणाला शिकवावी लागत नाही. पुष्पाबाईंना मात्र गेली नऊ वर्षं आखाजीला जायला जागाच उरली नव्हती. भाऊ नव्हता. माय गेली तसं चुलत पुतण्यांनी तिचं दोन खणांचं घर पाडलं आणि तिथं ट्रॅक्टर उभा केला. लेकीच्या हाती लागलं ते एक खापर.

खापर म्हणजे परातीएवढं रुंद, गोल बुडाचं मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं, त्याच्या पोटात जाळ करायचा, आणि पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवत, वाढवत त्या तापलेल्या पाठीवर अलगद टाकायची. मांडा असा होतो. तो करताना बोलून चालत नाही, चुकून चालत नाही, आणि चटका बसला म्हणून हात मागे घेऊन तर मुळीच चालत नाही. पुष्पाबाईंच्या मायला पारोळ्याच्या आसपासच्या दहा-बारा गावांतून लग्नाची बोलावणी यायची. मांड्यांना ही बाई मोकळी आहे का ते आधी विचारायचं आणि मगच तिथी धरायची, असं लोक करत. बैलगाडीत कडब्यावर गोधडी अंथरून त्यात ती खापर ठेवायची आणि वाटेत कोणाला हात लावू द्यायची नाही. धगीने तिच्या हातांवर कोपरापर्यंत एक केस उरला नव्हता.

चार वर्षांपूर्वी धुळ्याच्या वाटेवरच्या एका गावात, तळ्याकाठच्या बागेत, जुन्या वस्तूंचं संग्रहालय उघडायचं ठरलं. गावोगाव जीप फिरली. कोणी पाटा दिला, कोणी मोट दिली, कोणी अडगळ म्हणून पडलेला पाळणा दिला आणि जागा मोकळी झाली म्हणून सुटकेचा श्वास टाकला. पुष्पाबाईंनी खापर दिलं ते अडगळ म्हणून नव्हे. ते घरात राहिलं असतं तर एक दिवस कोणाच्या तरी पायाने फुटलं असतं, एवढंच त्यांना दिसत होतं. देताना त्यांनी एकच अट घातली. खाली मायचं नाव लिहायचं. जीपमधल्या साहेबांनी "हो, हो, का नाही" केलं. मग पुष्पाबाई साहेबांसाठी चहा ठेवायला आत गेल्या आणि बाहेर ओट्यावर छगन आबांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, कागदाचं काय ते उरकून घेतलं.

चार वर्षं जाऊ जाऊ म्हणत जाणं झालं नाही. कधी कापूस, कधी कांदा, कधी आबांचा गुडघा. या वर्षी दीपनगरहून नात आली, मेघा, बारा वर्षांची, आणि शाळेने तिला सुट्टीत एखादं संग्रहालय पाहून दोन पानं लिहायला सांगितलेली. पुष्पाबाईंनी लगेच पदर खोचला. आखाजी नुकतीच होऊन गेली होती. आपणही माहेरी जाऊन यावं, असं त्यांच्या मनात होतं, आणि माहेर आता तेवढंच उरलं होतं.

"तठे तुन्ही पणजीनं नाव लिखेल शे," त्या एसटीत मेघाला म्हणाल्या. "तू मोठ्यानी वाच. माले ऐकानं शे."

आबांचा बेत वेगळा होता. घराबाहेर पडलोच आहोत तर सगळं पाहून घ्यावं, या मताचा हा माणूस. त्यांनी आधी पारोळ्याला उतरवलं आणि सकाळी नवाच्या उन्हात किल्ला दाखवला. किल्ल्याच्या दगडांवर पोरांनी खिळ्याने आपापली नावं कोरून ठेवली होती, बाण लागलेल्या बदामांसकट. मग दुसरी एसटी, आणि मग ते तळं. तळ्यात पाणी कमी आणि शेवाळ जास्त. होड्या काठावर उताण्या पडलेल्या, आणि "नौकाविहार बंद" या पाटीवरही उद्घाटन करणाऱ्यांची पाच नावं. बागेत सिमेंटचा जिराफ होता, त्याचा एक कान गेलेला. आबा जिराफापाशी रमले. पुष्पाबाईंना घाई झाली होती, पण मेघाला बर्फाचा गोळा हवा होता, आबांनाही हवा होता, तेव्हा त्या एका बाकावर टेकल्या.

बाकावर नाव होतं. शेजारच्या बाकावर होतं. झाडाभोवतीच्या कठड्यावर होतं. पाणपोईच्या संगमरवरावर तर मोठ्या सोनेरी अक्षरांत होतं: "मातोश्री कुसुमलताबाई यांच्या स्मरणार्थ, माणकचंद परिवारातर्फे." पुष्पाबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी अक्षर अक्षर लावून ते वाचलं आणि त्यांना फार बरं वाटलं. शेटजींनी आईचं नाव पाण्यावर लावलं, आपण आपल्या मायचं खापरावर लावलं. शेटजींच्या पंगतीला बसल्यासारखं वाटून त्या दोन ओंजळी पाणी प्यायल्या आणि उठल्या.

संग्रहालय म्हणजे बागेच्या टोकाला पत्र्याची लांब शेड होती. आत दोन पंखे, त्यातला एक चालू. दाराशी टेबल टाकून तेजस नावाचा तरुण कारकून बसलेला, तिकिटंही तोच फाडायचा आणि माहितीही तोच द्यायचा. पुष्पाबाई नांगराकडे, मोटेकडे, पितळी समयांकडे न बघता सरळ चालत गेल्या. शेवटच्या कोपऱ्यात त्यांना खापर दिसलं. ओळखायला क्षणही लागला नाही, कारण काठाला अंगठ्याएवढा टवका होता, आणि तो टवका पुष्पाबाईंच्याच लग्नात उडालेला होता.

पण खापर उताणं ठेवलं होतं. तोंड वर करून, लोखंडी कड्यावर, एखाद्या कुंडीसारखं. आतली काजळी, चाळीस-पन्नास वर्षांच्या जाळाची, जगाला दाखवायला उघडी. आणि त्या काजळीवर वेफर्सची पाकिटं, तिकिटांचे तुकडे, गोळ्याची एक लाल काडी. येणाऱ्या-जाणाऱ्याने कचऱ्याचा डबा समजून त्यात टाकलेलं.

मेघाने सांगितल्याप्रमाणे मोठ्याने वाचलं. "पाणी साठवण्याचे प्राचीन भांडे. सौजन्य, श्री. छगन दगा पाटील यांच्या सासूबाई." मग ती थांबली. "आजी, पुढे नाव नाहीये."

पुष्पाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला सांगा, पाणी साठवण्याचं भांडं म्हटलं याचा राग त्या गिळू शकल्या असत्या. शहरातल्या साहेबांना खापर कुठून कळणार. कचऱ्याचा राग त्यापेक्षा मोठा होता. पण "सासूबाई" हा शब्द त्यांच्या छातीत जाऊन रुतला. सासूबाई तर जगात ढीगभर असतात. बाकाला नाव, जिराफाच्या चबुतऱ्याला नाव, बंद पडलेल्या होडीला नाव, आणि जिने दहा गावांची लग्नं गोड केली तिला नाव नाही.

"भाऊ, अठे ये," त्यांनी हाक मारली. तेजस आला. "हाई पाणीनं भांडं नही. हाई खापर शे, मांडा करानं. असं उतानं ठेवतस का कोनी? आणि मन्ही मायनं नाव कोठे शे?"

"आजी, पाटी वरून छापून येते," तेजस म्हणाला. "रजिस्टरला असेल तसं."

"मंग रजिस्टर आन."

तेजसला वाटलं होतं म्हातारी चार शब्द बोलेल आणि जाईल. पण ती टेबलापर्यंत मागोमाग आली आणि टेबल धरून उभी राहिली. दार अडलं. मागे दोन-तीन माणसं तिकिटासाठी थांबली, त्यांनाही तिने तसंच थांबू दिलं. शेवटी तेजसने कपाटातून जाडजूड वही काढली, पानं उलटली आणि वाचलं.

"वस्तू, मातीचे भांडे, एक. उपयोग, बायकांचे काम. मूळ मालक, छगन दगा पाटील यांच्या सासूबाई. कंसात लिहिलंय, नाव सांगता आले नाही." त्याने बोट खाली नेलं. "ही बघा सही. छगन पाटील."

पुष्पाबाई सावकाश मागे उभ्या असलेल्या आबांकडे वळल्या. एवढा वेळ त्या सरकारवर, संग्रहालयावर, जीपमधल्या साहेबांवर चिडल्या होत्या, आणि चोर त्यांच्याबरोबर एसटीत बसून, गोळा चोखत आला होता.

"त्यास्नी तुमले नाव ईचारं व्हतं?"

"ईचारं व्हतं," आबा म्हणाले.

"मंग?"

आबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. आठवत नसलेली गोष्ट टोपीत सापडेल असं त्यांना वाटत असावं. "आमी मामीच म्हनूत वं तिले. कोनी नाव लिसन हाक मारं का कधी? तू चहा करी राहिनी व्हती, साहेब घाई करी राहिना व्हता..."

"मी आठ पावलंवर व्हती. चुलापाशी. एक हाक मारता उनी नही तुमले?"

वाईट मनाचा माणूस असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं. छगन आबा चांगले होते, सासूच्या आजारपणात त्यांनी दोनदा तिला धुळ्याला दवाखान्यात नेलं होतं, अंत्ययात्रेत खांदा दिला होता. फक्त तिला नाव असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. दवाखान्यातही केसपेपर पुष्पाबाईंनीच भरून घेतला होता.

"एकतीस आखाज्या," पुष्पाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "एकतीस आखाज्या तुमी तिना हातना मांडा खादात. चार-चार. वरतून आमरस. ती धगमा बठेल, तुमी पाटवर बठेल. एक डाव तरी ईचारं का, हाई बाईनं नाव काय शे?"

मेघा आजोबांकडे बघत होती. आबा जिराफाच्या दिशेने, बाहेर, बघत होते.

पुष्पाबाई परत कोपऱ्यात गेल्या. "हात लावू नये" अशी पाटी तिथं होती, ती त्यांनी वाचली आणि दोन्ही हात लावले. तेजस "आजी, फुटेल, माझी नोकरी जाईल" म्हणत धावला. त्यांनी खापर छातीशी धरून उचललं आणि तिरकं केलं. पाकिटं, तिकिटं, लाल काडी, सगळं फरशीवर पडलं. मेघाला त्यांनी बागेत पाठवलं. फुलझाडांच्या वाफ्याला लावलेल्या तीन विटा ती फ्रॉकच्या ओच्यात घालून घेऊन आली. विटांची चूल मांडली गेली, आणि तिच्यावर पुष्पाबाईंनी खापर पालथं घातलं. काजळी आत गेली. वर आली ती तेल पिऊन पिऊन तांबूस, गुळगुळीत झालेली पाठ. पदराने त्यांनी ती पुसली. एवढा वेळ न आलेलं पाणी तेव्हा डोळ्यांत आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"आते नाव लिख," त्या तेजसला म्हणाल्या.

तेजसने मुकाट्याने कोरा पुठ्ठा आणला, स्केचपेनाचं टोपण काढलं. "मांडे करण्याचे खापर" असं पहिल्या ओळीत लिहिलं. मग दुसऱ्या ओळीवर पेन टेकवून त्याने मान वर केली आणि विचारलं. कोणाला विचारलं? छगन आबांना. पुरुषमाणूस उभा असताना बाईला विचारायचं त्याला सुचलंच नाही.

"आबा, नाव सांगा."

पुष्पाबाई बोलल्या नाहीत. बोलता आलं असतं, पण त्या मुद्दाम गप्प राहिल्या. आबांनी तोंड उघडलं, मिटलं. मेघाकडे पाहिलं, तर तिलाही येत नव्हतं. रांगेतली माणसंही आता आत येऊन बघू लागली होती. चार वर्षांपूर्वी ओट्यावर अर्ध्या मिनिटात मिटलेली गोष्ट आता मिटेना. आबांच्या कानशिलांवरून घाम ओघळला तरी पुष्पाबाईंनी त्यांना सोडवलं नाही.

शेवटी आबाच म्हणाले, अगदी हळू, "माले माहीत नही. तूच सांग."

"रूपाबाई," पुष्पाबाई म्हणाल्या.

तेजसने लिहिलं. "पुढे? मधलं नाव, पतीचं की वडिलांचं? आडनाव?"

"मधे कोनंच नाव नको. धग तिनी एकटीनी सोशी. नाव बी तिनं एकटीनंच लिख."

तेजसने पेनाला टोपण लावलं आणि पुठ्ठा विटांना टेकवून ठेवला. मेघाने मोठ्याने वाचलं, जसं सकाळी सांगितलं होतं तसं. पुष्पाबाईंनी ते ऐकलं, आणि आणखी एकदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी छगन आबांचे ओठही तिच्याबरोबर हलले. मग कोणी न सांगता ते दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि फरशीवरची पाकिटं एक एक करून गोळा करू लागले.