घणाचा हात

साल होतं दोन हजार तेवीस, महिना चैत्राचा. श्रीगोंदा तालुक्यातल्या तरटेवाडीत म्हाताऱ्यांचा वर्ग सुरू होऊन पाच महिने झाले होते. दर मंगळवारी नगरच्या सावेडीतून रुपाली नावाची मुलगी एसटीनं यायची. कुठल्याशा संस्थेनं तिला नेमलं होतं. समाजमंदिरात सतरंजी टाकून ती सगळ्यांचं बीपी बघायची, मीठ कमी खा म्हणायची, बांबूच्या काठ्या हातात देऊन व्यायाम घ्यायची. पडावं कसं, उठावं कसं, हेसुद्धा शिकवायची.

"पडायचंच झालं तर हात पुढं टेकू नका. हनुवटी छातीला लावा आणि कुशीवर पडा."

"आगं बाई," बनुबाई म्हणायची, "पडताना तुझी आठवन काढायची का पांडुरंगाची, येवढं सांग."

रंगुबाई मात्र हसायची नाही. ती वर्गात आली होती ती एकाच आशेनं. पहिल्याच मंगळवारी तिनं रुपालीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "माज्या भावाचं डोकं परत येईल का गं, पोरी?"

भाऊ म्हणजे सहादेव. सख्खा नव्हे, चुलत नव्हे, मानलेला. दोन वर्षांपासून त्याला विसर पडत चालला होता. सुनेला तो आई म्हणायचा, जेवला तरी ताट मागायचा. त्याचा मुलगा भाऊसाहेब वैतागून म्हणायचा, "आत्या, म्हाताऱ्याला शिकवून काय कलेक्टर करायचाय का?" तरी दर मंगळवारी रंगुबाई स्वतः जाऊन, हाताला धरून त्याला आणायची आणि आपल्या शेजारी बसवायची.

तिचं त्याच्यावाचून होतंच कोण? त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, मोठ्या दुष्काळात, ती अठरा वर्षांची होती. नवरा कल्याण, ती आणि निम्मी तरटेवाडी रस्त्याच्या कामावर होती. बायका बसून खडी फोडायच्या, बाप्ये घण मारायचे, पोटाला परदेशी तांबडी मिलो ज्वारी नि सरकारी सुकडी. दुपारी सुरुंग उडवायचा तेव्हा सगळ्यांना ओढ्याच्या आडोशाला पिटाळत. त्या दिवशी वात पेटवायला कल्याण आणि सहादेव मागं राहिले. धडाका झाला, धुरळा उठला आणि धुरळ्यातून सहादेवची आरोळी आली, "सुरुंग उडाला! धोंडा लागला! कल्याला धोंडा लागला!"

ती धावत पोचली तेव्हा कल्याणची कवटी कानाच्या वर अंड्यासारखी आत गेली होती. ओठातली बिडी अजून धुमसत होती. तिनं डोकं मांडीवर घेतलं, तर रक्त लुगड्यातून पार पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरलं. ज्या धोंड्यानं तो गेला तो धोंडा कुणाला दिसला नाही. शोधतो कोण? तिथं धोंडेच धोंडे होते.

सहादेवनं प्रेत बैलगाडीत घातलं. पुढं दीर तिला घराबाहेर काढायला निघाले, तेव्हा हाच कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला. "माझ्या बहिणीला हात लावंल त्याचा हात तोडीन," म्हणाला. त्या दिवाळीला लुगडं घेऊन आला, पाटावर बसला, तिनं ओवाळलं. तेव्हापासून पन्नास भाऊबीजा झाल्या, एकही चुकली नाही. त्यानं दिलेली लुगडी नेसून फाटली की रंगुबाई त्यांच्या गोधड्या शिवायची. त्याच अंथरायची, त्याच पांघरायची.

तर त्या मंगळवारी रुपाली म्हणाली, "आज वेगळा व्यायाम. तरुणपणी जे काम केलंत ते हातानं करून दाखवा, तोंडानं बोलत बोलत. डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत."

बनुबाईनं दळण मांडलं आणि मध्येच थांबून, "आता सासू आली, जोरात वडायचं," म्हणत दात नसलेल्या तोंडानं हसली. एकानं ऊस तोडला. एकानं बैलांना शिव्या घातल्या, इतक्या ठेवणीतल्या की बायकांनी पदर तोंडाला लावले.

"आता सहादेवआबा."

तो काठीकडे बघत राहिला.

"दादा," रंगुबाई म्हणाली, "घन मारून दाव की. तुज्यासारखा घन गावात कुनी मारत न्हवतं."

तो उठला. काठी दोन्ही हातांत धरली, पाय फाकवले, आणि वाकलेली पाठ सरळ झाली. रुपालीनं टाळी वाजवली. घण डोक्यावर नेऊन खाली, जमिनीवर मारतात; एवढं तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सहादेवनं काठी खांद्यामागं नेली आणि आडवीच धरली. जवळ बसलेल्या माणसाकडं बघावं तसं तो खाली बघत होता.

"पेटव, कल्या, बिडी पेटव," तो हळूच म्हणाला. "पान्याच्या रांगेत पायतान मारतो व्हय रं? चारचौघांत? माज्या आईदेखत?"

काठी आडवी फिरली, हवा कापत, माणसाच्या कानाच्या उंचीवर. पुन्हा फिरली. मग त्यानं काठी टाकली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडला, "सुरुंग उडाला! धोंडा लागला! कल्याला धोंडा लागला!"

तीच आरोळी, तोच सूर. फक्त आवाज म्हातारा.

पायताणाची गोष्ट रंगुबाईला माहीत होती. मरायच्या आठ दिवस आधी टँकरपाशी कल्याणनं रांग मोडणाऱ्या सहादेवला मारलं होतं. प्रेतापाशी रडताना सहादेव म्हणालाही होता, "मी त्याला कवाच माफ केलं हुतं गं."

ती शिकवल्याप्रमाणे उठली. आधी गुडघा, मग हात, मग दुसरा पाय. आणि आपली काठी उचलून तिनं त्याच्या मानेवर हाणली.

पहिल्या तडाख्याला तो गुडघ्यावर आला. दुसरा कानावर बसला, कान फाटला, रक्त पांढऱ्या सदऱ्यावर ओघळलं. तो कुणी मारतंय ते शोधत होता. समोर ती दिसली तसा त्यानं तिचाच पदर धरला.

"रंगू, वाचव गं! मला मारत्यात, रंगू!"

त्या हाकेनं तिचा हात थांबला असता तर बरं झालं असतं. थांबला नाही. पदर धरलेल्या मनगटावर तिनं तिसरी मारली, हाड मोडल्याचा आवाज झाला. चौथीला काठी चिरली. पाचवी तिनं त्याच चिरलेल्या टोकानं तोंडावर मारली. रुपाली मध्ये पडली तर तिलाही एक बसली.

कुणीतरी फोन केला असावा. भाऊसाहेब मोटारसायकल तशीच आडवी टाकून आत शिरला. बापाचं तोंड बघितलं आणि रंगुबाईचे केस धरून तिला पायरीवरून खाली भिरकावली. तिनं हनुवटी छातीला लावली आणि कुशीवर पडली. दोन बरगड्या गेल्या, खुबा वाचला.

"आत्या म्हनतो तुला! आत्या!" तो वरून लाथ उगारून ओरडत होता.

"इचार तुज्या बापाला," ती मातीत तोंड असतानाच म्हणाली, "मी त्याची भैन कशी झाले ते."

भाऊसाहेबानं बापाकडं बघितलं. म्हातारा मोडक्या हातानं रक्त पुसत होता. "धोंडा लागला," तो मुलाला समजावून सांगत होता. "कल्याला धोंडा लागला."

भाऊसाहेबाची लाथ तशीच खाली आली, जमिनीवर.

श्रीगोंद्याहून हवालदार आला. वर्गातल्या बाकीच्या अकराही जणांनी एकच जबाब दिला: श्वासाचा व्यायाम चालला होता, डोळे मिटले होते. बनुबाई वर म्हणाली, "सायब, बाईनं सांगितल्यावर आमी डोळं उघडत न्हाई." रंगुबाईनं मात्र दोन्ही मारामाऱ्या सांगितल्या, जुनीसुद्धा. हवालदारानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या वेळचा साक्षीदार?" तिनं समाजमंदिराकडं बोट केलं. तिथं सहादेव चहा मागत होता.

पुढं गुन्हा टिकला नाही, ना हा ना तो. भाऊसाहेबानं तक्रार मागं घेतली. रंगुबाईच्या घरावरून जाताना तो अजूनही मोटारसायकल हळू करतो, पण थांबत नाही.

रुपालीची बदली राहुरीकडं झाली. तिथल्या वर्गात ती म्हाताऱ्यांना चेंडू झेलायला लावते. जुनं काम करून दाखवा, असं कधी म्हणत नाही. भुवईवरची खूण कुणी विचारली तर पडले म्हणून सांगते.

बनुबाई नव्या बाईच्या वर्गाला जाते. नव्या काठ्या प्लास्टिकच्या आल्या, त्यावर तिचं म्हणणं, "ह्यांनी कुनाचं काय व्हायचंय?"

सहादेवचं मनगट वाकडंच जुळलं. त्या भाऊबीजेला तो नवी टोपी घालून, सुनेचं कपाटातलं लुगडं काखेत घेऊन, एकटाच रस्ता काढत रंगुबाईच्या दारात आला. बाकी सगळं विसरला होता, ते घर विसरला नव्हता. तिनं आतून कडी घातली. "रंगू, पाट मांड," म्हणत तो दिवस मावळेपर्यंत पायरीवर बसला होता. ती आत दाराला पाठ लावून बसली होती, हातात खलबत्त्याचा बत्ता घेऊन. भाऊसाहेब येऊन बापाला घेऊन गेला. पौषात सहादेव गेला.

रंगुबाई मातीला गेली नाही. त्याच दिवशी तिनं परसात सगळ्या गोधड्या एकावर एक रचल्या आणि पेटवल्या. जुनं सुती कापड, जळायला वेळ लागला. त्या थंडीत ती पोत्यावर झोपली. पुढच्या बाजारी बनुबाईनं तिला एक ब्लँकेट आणून दिलं. ते अंगाला टोचतं, म्हणते, पण तेच पांघरते.